रस्टमध्ये स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहावी, की चालू प्रकल्पात शिरावे? इंदूरच्या तिघांचा प्रश्न

राजवाडा_रविवार (इंदूर)

नमस्कार. आम्ही इंदूरचे तिघे मित्र गेले सात महिने दर रविवारी सकाळी राजवाड्यामागच्या एका खोलीत जमून रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत आहोत. तिघांचे व्यवसाय वेगळे आहेत: एक जण हिशेबाच्या सॉफ्टवेअरची देखभाल करतो, दुसरा कारखान्यात यंत्रांचे नियंत्रक सांभाळतो आणि मी एका लहान कंपनीत संकेतस्थळे बांधतो. नुसती उदाहरणे सोडवून कंटाळा आला, म्हणून आम्ही एक छोटे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतले. ते आता क्यूईएमयू या आभासी संगणकात सुरू होते, कीबोर्डचे इंटरप्ट (कळ दाबल्याचे इशारे) घेते, पेज टेबले (मेमरीच्या पत्त्यांचे तक्ते) मांडते आणि शंभर किलोबाइटच्या हीपमधून, म्हणजे राखीव साठ्यातून, मेमरी वाटते. डबल फॉल्ट (एक चूक हाताळताना घडलेली दुसरी चूक) पहिल्यांदा नीट पकडता आला, त्या रविवारी पोहे-जिलबीवर जरा जास्तच खर्च झाला, हेही नोंदवून ठेवतो.

त्यानंतर आपल्या गावाचे नाव आपल्या लिपीत उमटावे या हौसेने मी 'इंदूर' छापून पाहिले आणि पडद्यावर ओळीने पंधरा चौकोन उमटले. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार आणि र ही पाच चिन्हे. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. आम्ही वापरत असलेल्या व्हीजीए टेक्स्ट मोडकडे, म्हणजे पडद्याच्या केवळ अक्षरे दाखवणाऱ्या जुन्या पद्धतीकडे, २५६ आकृत्यांचा संच असतो आणि त्यात देवनागरी नाही. आणि ओळखता न आलेल्या प्रत्येक बाइटच्या जागी चौकोन काढावा, असे आम्हीच लिहून ठेवले होते. हिशेब चोख जुळला, पण त्यामुळे आमच्यात वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

एकाचे म्हणणे असे की, हेच कर्नल वाढवत न्यावे आणि त्यावर पुढेमागे स्वतःचा डेस्कटॉप उभारावा. दुसऱ्याला वाटते की रेडॉक्स या रस्टमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमसारख्या चालू प्रकल्पात किंवा लिनक्सच्या रस्ट विभागात शिरावे, कारण तिघांच्या रविवारांवर ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहत नसते. माझा कल तिसरीकडे आहे. आमच्या परिचयाच्या एका मराठी वाचनालयाला ग्रंथसूचीसाठी डेस्कटॉप प्रोग्राम हवा आहे. सध्याची सूची जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली आहे आणि ती उघडणारा संगणक आता एकच उरला आहे. हे कामही रस्टमध्ये करता येईल आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना देता येईल.

आमच्याकडे चार गिगाबाइट रॅमचे दोन लॅपटॉप आणि सोळा गिगाबाइटचा एक डेस्कटॉप आहे. हाताशी एक वर्ष धरावे. भाषा रस्टच असावी, की गो अथवा झिग अधिक सोयीची ठरेल, याबद्दलही जाणकारांनी आपले मत सांगावे.

मांडवी_दरवाजा (वडोदरा)

मी गेली बारा वर्षे उपकरणांचे ड्रायव्हर लिहितो, बहुतांशी सी भाषेत आणि अलीकडे थोडेफार रस्टमध्ये. भाषेचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा सोपा आहे.

गोसारख्या भाषेत कर्नल लिहिता येते. तो प्रयोग झालेला आहे. एमआयटीतील संशोधकांनी बिस्किट नावाचे कर्नल गोमध्ये लिहून २०१८ साली त्याची मोजमापे प्रसिद्ध केली. कर्नलमधली एकसारखीच कामे गो आणि सी या दोन्ही भाषांत लिहून तुलना केली असता गोची आवृत्ती ५ ते १५ टक्क्यांनी मंद भरली, आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालू असताना गार्बेज कलेक्शनमुळे (नको असलेली मेमरी आपोआप गोळा करण्याच्या कामामुळे) झालेला सर्वांत लांब एकच खंड ११५ मायक्रोसेकंदांचा होता. हे आकडे पुष्कळांच्या अपेक्षेहून बरे आहेत. तरीही, मेमरी संपत आली असता कर्नलने काय करावे, हा प्रश्न अशा भाषेत फार अवघड होऊन बसतो, आणि त्या संशोधकांना त्यासाठी वेगळी युक्ती योजावी लागली. झिग मला आवडते. तिच्यात मेमरी कोण देणार हे प्रत्येक फंक्शनला उघडपणे सांगावे लागते आणि ती शिस्त चांगली आहे. परंतु तिची १.० आवृत्ती अजून आलेली नाही आणि वर्षभराच्या रविवारांचे काम करताना भाषाच पायाखालून सरकत राहणे आपल्याला परवडणार नाही. रस्ट मे २०१५मध्ये १.० झाली आणि तेव्हापासून तिने जुना कोड मोडू न देण्याचे पथ्य पाळले आहे.

रस्ट कशासाठी, तेही सांगतो, कारण 'सुरक्षित भाषा' हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो. आमच्याकडे एका नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये असे घडले होते की, कार्ड अजून मेमरीतल्या एका बफरमध्ये (तात्पुरत्या जागेत) लिहीत असताना आमच्या कोडने तो मोकळा करून टाकला. तीच जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली आणि कार्डाने त्याच्या माहितीवर नेटवर्कवरून आलेले पाकीट (माहितीचा गठ्ठा) आणून ओतले. हे साधारण आठवड्यातून एकदा, तेही भार जास्त असतानाच घडे. दोष सापडायला अडीच महिने लागले. रस्टमध्ये बफर कार्डाच्या हवाली करताना त्याची मालकीच हस्तांतरित होईल अशी रचना करता येते आणि मग तो मधेच मोकळा करणारी ओळ कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) स्वीकारत नाही. अर्थात, कार्ड काय करते आहे हे कंपायलरला दिसत नसते. ते सत्य भाषेतील प्रकारांच्या (टाइप्सच्या) रचनेत नीट उतरवण्याचे काम आपले, आणि तेथे 'अनसेफ' (येथली हमी कंपायलरची नाही, लिहिणाऱ्याची, अशी खूण) लिहावेच लागते. पण मग संशयित जागा तीनशे फायलींऐवजी चार उरतात.

याचा परिणाम मोजलेलाही आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितले होते की दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या त्यांच्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या हाताळणीतले असतात. अँड्रॉइडमध्ये हेच प्रमाण २०१९ साली ७६ टक्के होते आणि २०२४ साली २४ टक्क्यांवर आले. त्यांनी जुना सगळा कोड पुन्हा लिहिला नाही, नवा कोड तेवढा सुरक्षित भाषांत लिहायला सुरुवात केली. जुन्या कोडमधले दोष दुरुस्त होत जातात आणि त्यात नव्यांची भर पडत नाही, इतकाच त्यातला हिशेब आहे.

आता आपल्या वादाकडे वळतो. लिनक्समध्ये रस्टचा शिरकाव डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीत झाला. तेव्हा तेथे जवळजवळ नुसती चौकट होती. रस्टमधला पहिला खराखुरा ड्रायव्हर, तोही नेटवर्कच्या एका छोट्या चिपचा, ६.८मध्ये म्हणजे २०२४ साली आला आणि 'प्रायोगिक' हा शिक्का काढायला डिसेंबर २०२५ उजाडले. तेथे काम करायचे तर रस्टच्या बरोबरीने लिनक्सचे सी उत्तम वाचता यायला हवे, आणि टपालयादीवर (ईमेलच्या सामाईक यादीवर) महिनोन्महिने चालणाऱ्या चर्चा सोसण्याची तयारी हवी. रविवारी भेटणाऱ्या गटाला मी तो मार्ग सुचवणार नाही.

रेडॉक्सचे तसे नाही. जेरेमी सॉलर यांनी तो २०१५ साली सुरू केला; कर्नल लहान आहे, ड्रायव्हर आणि फाइल सिस्टिम कर्नलच्या बाहेर साध्या प्रक्रिया म्हणून चालतात, आणि सी भाषेचे मानक ग्रंथालयसुद्धा, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, त्यांनी रेलिबसी या नावाने रस्टमध्ये लिहिले आहे. ड्रायव्हर कोसळला तर तो पुन्हा सुरू करून पाहता येतो, सगळे यंत्र बंद पडत नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. रेलिबसीमध्ये एखादे राहिलेले फंक्शन लिहिणे किंवा एखादा परिचित प्रोग्राम तेथे चालवून दाखवणे, एवढे काम आपण दोन-तीन रविवारांत निश्चित करू शकाल. कारखान्यातील नियंत्रक सांभाळणारे आपले मित्र ड्रायव्हरच्या कामात लवकर रुळतील, असे मला वाटते.

लष्कर_निवृत्त (ग्वाल्हेर)

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे. पण त्याचा रोख मला पटत नाही. मी छत्तीस वर्षे एका कार्यालयाचा संगणक विभाग सांभाळला. या काळात कोबॉल, सी, फॉक्सप्रो आणि जावा या भाषा आल्या, आणि प्रत्येकीच्या वेळी आता सगळे नव्याने लिहा म्हणणारे लोक भेटले.

अँड्रियास क्लिंग यांनी २०१८ साली सेरेनिटीओएस सुरू केली ती सी++मध्ये. कर्नलपासून खिडक्या, संपादक, खेळ आणि ब्राउझरपर्यंत सगळे त्या मंडळींनी स्वतः लिहिले. त्यातला ब्राउझर तर २०२४ साली लेडीबर्ड या नावाने वेगळा प्रकल्प म्हणून बाहेर पडला. म्हणजे भाषा जुनी असूनही माणसे आणि शिस्त असली की काम होते. उलट बाजूही पाहा. उबुंटू या लिनक्सच्या वितरणाने २०२५च्या ऑक्टोबरमधील आवृत्तीत रोजच्या वापरातल्या मूळ आज्ञांच्या जागी त्यांची रस्टमध्ये लिहिलेली आवृत्ती बसवली. तेथे 'डेट' या आज्ञेला एखाद्या फायलीत शेवटचा बदल कधी झाला हे विचारले, तर ती निमूटपणे चालू वेळ सांगत असे. परिणामी नवे अपडेट आले आहेत का हे आपोआप तपासणारी यंत्रणाच गप्प बसली. मेमरीचा दोष त्यात कोठेही नव्हता. जुन्या कोडमध्ये तीस वर्षांत साचलेल्या बारीकसारीक समजुती नव्याने लिहिताना कोणाच्या तरी हातून निसटतात, आणि कोणताही कंपायलर त्या शोधून देत नाही.

नव्याने लिहायचेच असेल, तर ग्नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपच्या लिबआरएसव्हीजी या चित्रे काढणाऱ्या ग्रंथालयाचा कित्ता गिरवावा. २०१६ सालापासून फेदेरिको मेना किन्तेरो यांनी ते सी ग्रंथालय एकेका फायलीगणिक रस्टमध्ये नेले, बाहेरून दिसणारी फंक्शने तशीच ठेवली, आणि ते वापरणाऱ्या प्रोग्रामांना एक ओळही बदलावी लागली नाही. याला मी अभियांत्रिकी म्हणतो.

आणि छपाईचे काय? वाचनालय म्हटले की कोणी तरी यादी छापून मागणारच. आमच्या कार्यालयात २४ पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. त्याच्या पोटात इंग्रजी अक्षरे होती, देवनागरी नव्हती. त्यामुळे प्रत्येक ओळीचे चित्र करून पिनांना पाठवावे लागे, आणि शंभर पानांचे पगारपत्रक संध्याकाळी सुरू केले की रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने कागद अडकला का ते पाहायचे, असा रिवाज होता. आपले स्वतःचे कर्नल सुंदर असेल. पण त्याला प्रिंटर जोडून दाखवा, मग बोलू. लिनक्सवर कप्स ही छपाईची यंत्रणा तयार आहे, नवे प्रिंटर ड्रायव्हरविना चालतात आणि जुन्यांचीही सोय बहुधा होते. वाचनालयाचे काम लिनक्सवरच करावे आणि आधी करावे.

रामबाग (इंदूर)

मी याच गावातली असून मराठी आणि हिंदी मजकूर हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. तिन्ही मार्गांविषयी वर पुष्कळ लिहिले गेले. पण ज्या पंधरा चौकोनांपासून हा वाद सुरू झाला त्यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. माझ्या मते आपल्यासारख्यांचे खरे काम तेथेच आहे, कारण ते आपण केले नाही तर ऑस्टिनमध्ये किंवा बर्लिनमध्ये बसलेल्या माणसाला ते करायचे सुचण्याचे काही कारण नाही.

प्रथम वाचनालयाविषयी, कारण ते काम तातडीचे दिसते. रस्टमध्ये खिडक्या-बटणे काढणारी ग्रंथालये बरीच आहेत आणि त्यांची नमुनाचित्रे फार मोहक असतात; परंतु निवड करण्यापूर्वी प्रत्येकात 'क्षितिज', 'तऱ्हा' आणि 'दुर्गा' हे तीन शब्द टंकून पाहावेत. मी एगुई या त्यांपैकी एका ग्रंथालयाची जी आवृत्ती वापरून पाहिली, तिच्यात अक्षरजुळणीच होत नव्हती: ऱ्हस्व इकार आपल्या व्यंजनाच्या उजवीकडे पडला होता, क आणि ष यांच्यामध्ये पाय मोडल्याची खूण तशीच लटकत होती, आणि दुर्गेचा रफार डोक्यावर न चढता खाली र होऊन बसला होता. तो दोष त्या ग्रंथालयाच्या उद्देशाचा आहे; खेळांच्या आणि प्रयोगांच्या तक्त्यांसाठी ते उत्तम आहे. जीटीके ४ हे खिडक्या-बटणांचे दुसरे ग्रंथालय रस्टमधून वापरले तर अक्षरजुळणी त्यामागचे पँगो आणि हार्फबझ करतात आणि तेथे आपली लिपी पंधरा-वीस वर्षे घासूनपुसून तयार झालेली आहे. टॉरीचा, म्हणजे वेबपानांच्या तंत्राने प्रोग्राम बांधण्याचा, मार्गही चालेल, कारण लिनक्सवर तो वेबकिट या ब्राउझर-इंजिनाचा आधार घेतो आणि आपल्याला संकेतस्थळांचा सराव आहेच. सिस्टिम७६ या कंपनीच्या कॉस्मिक डेस्कटॉपमागे आइस्ड (खिडक्या-बटणांसाठी) आणि कॉस्मिक-टेक्स्ट (मजकुरासाठी) ही ग्रंथालये आहेत. हा सबंध डेस्कटॉप रस्टमध्ये लिहिलेला आहे आणि त्याची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०२५मध्ये आली. तेथे अक्षरजुळणी होते. मात्र मराठी कीबोर्ड जोडून आठवडाभर स्वतः टंकलेखन केल्याशिवाय वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंच्या पुढ्यात तो ठेवू नये.

आता शोध आणि क्रम. वाचनालयाच्या प्रोग्रामचा जीव यातच असतो, आणि रस्ट आपल्याला येथे काहीही फुकट देत नाही. 'तऱ्हा' हा शब्द तीन प्रकारे साठवलेला सापडतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण); साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब) आणि मग हलन्त; किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (समान रूपे एकसारखी करण्याच्या नियमांनी) पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. त्यासाठी नियम आपणच लिहायचा. तीच गत ॲ या अक्षराची. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही लोक अ टंकून त्यावर अर्धचंद्र देत आले. या दोन रूपांना युनिकोड एक मानत नाही. म्हणून 'ॲनिमल' शोधणाऱ्याला निम्मी पुस्तके सापडत नाहीत आणि तो बिचारा वाचनालयाला दोष देतो.

क्रमाचेही तसेच. युनिकोडच्या अंकांप्रमाणे मांडणी केली की ळ हे अक्षर ल आणि व यांच्यामध्ये येते. आपली वर्णमाला मात्र ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. युनिकोड संघटनेनेच आयसीयू४एक्स हे ग्रंथालय रस्टमध्ये लिहिलेले आहे, त्यात भाषावार क्रम लावण्याची सोय आहे; ती वापरावी आणि ग्रंथपालबाईंना शे-दीडशे शीर्षकांची यादी दाखवून त्यांच्याकडून मान्य करून घ्यावी. इंदूरच्या वाचनालयात हिंदी पुस्तकेही असणारच, तेव्हा नुक्त्याचे ज़ आणि फ़ यांचाही विचार आत्ताच करावा.

आणखी एक गोष्ट. रस्टमध्ये 'क्षि' या एका अक्षराची लांबी विचारली तर उत्तर बारा येते, कारण ते बाइट मोजते. युनिकोडची चिन्हे मोजली तर चार येतात, आणि बॅकस्पेस एकदा दाबल्यावर किती पुसले जावे याचे उत्तर या दोन्ही आकड्यांत नाही. युनिकोड १५.१पर्यंत, म्हणजे सप्टेंबर २०२३पर्यंत, जोडाक्षर हा एकच घटक मानण्याचा सर्वसाधारण नियमसुद्धा नव्हता. 'क्षि'चे दोन तुकडे पडत. त्यामुळे जुन्या आवृत्तीवर अडकलेली संपादके कर्सर जोडाक्षराच्या मधोमध नेऊन ठेवतात.

स्वतःच्या कर्नलचा मोह मी मोडू इच्छित नाही. त्याला पोहोचण्याजोगे एकच ध्येय द्यावे: पडद्यावर 'इंदूर' नीट उमटवणे. टेक्स्ट मोड सोडून यूईएफआयकडून (संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरकडून) फ्रेमबफर, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची मेमरी, घ्यावा. फॉन्ट फाइल कर्नलमध्येच भरावी. अक्षरजुळणीसाठी रस्टीबझ, म्हणजे हार्फबझचा रस्टमधला अवतार, आणि आकृत्यांचे ठिपके करण्यासाठी फाँटड्यू घ्यावे. ही दोन्ही मानक ग्रंथालयाशिवाय, केवळ हीपच्या आधारावर बांधता येतात. एवढे जमले की आपले कर्नल बाजूला ठेवून त्याच ज्ञानावर रेडॉक्समध्ये किंवा कॉस्मिक-टेक्स्टमध्ये मराठीचे दोष नोंदवता येतील, दुरुस्तही करता येतील.

ता. क.: चार गिगाबाइटच्या लॅपटॉपवर जीटीकेचा प्रकल्प बांधताना कार्गोला (रस्टच्या बांधणीच्या साधनाला) एका वेळी दोनच कामे करायला सांगावे आणि डीबगची माहिती ओळींच्या क्रमांकापुरतीच ठेवावी. नाही तर शेवटच्या लिंकिंगच्या वेळी यंत्र गोठते आणि आपल्याला वाटते की कोडच चुकला. चुका पाहण्यासाठी दर वेळी पूर्ण बांधणी करण्याची गरज नसते, कार्गोची नुसती तपासणी पुरेशी असते.

राजवाडा_रविवार (इंदूर)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला चार रविवार लागले, कारण सांगण्यासारखे काही हाती आल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

वाचनालयाचे काम जीटीकेवर सुरू केले आहे. जुन्या फॉन्टमधील नोंदी युनिकोडमध्ये आणण्यासाठी तक्ता तयार केला. त्यात ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी टंकलेला असतो, तो उचलून जोडाक्षराच्या शेवटी नेऊन ठेवावा लागतो, आणि रफाराचे त्याच्या उलट. ग्वाल्हेरच्या काकांना सांगायचे म्हणजे, छपाईची मागणी पहिल्याच भेटीत आली. पण आमच्या नशिबाने वाचनालयाचा प्रिंटर नवा आहे.

कर्नलच्या बाबतीत मात्र मदत हवी आहे. फॉन्ट भरताच पहिल्यांदा हीप संपली: फाँटड्यू सुरुवातीलाच सगळ्या आकृत्या उलगडून ठेवते, आणि आमच्याकडे तर शंभरच किलोबाइट होते. हीप सोळा मेगाबाइट केल्यावर ती अडचण गेली. त्यानंतर 'इंदूर' उमटले, पण विचित्र रूपात. अनुस्वार इ च्या डोक्यावरून निघून अक्षराच्या बराच खाली जाऊन बसला आहे, दीर्घ उकार द च्या पोटात शिरला आहे, आणि शिरोरेषा सलग न राहता पायऱ्या-पायऱ्यांची झाली आहे. र तेवढा त्यातल्या त्यात ठीक दिसतो. अक्षरजुळणीतून आकृत्यांचे क्रमांक बरोबर येत आहेत, ते तपासले. मग चूक कोठे असावी?

रामबाग (इंदूर)

आपण दिलेल्या वर्णनातच निदान आहे. फॉन्टमध्ये उभा अक्ष वर वाढतो आणि फ्रेमबफरमध्ये खाली. आकृतीचा तळ पायरेषेपासून किती वर किंवा खाली आहे, ते अंतर आपण बहुधा वजा करण्याऐवजी मिळवत आहात. ज्या आकृतीचा तळ पायरेषेवरच आहे तिला काही फरक पडत नाही, म्हणून र जवळपास सरळ दिसतो. इ आणि द यांची शेपटी रेषेखाली उतरते, म्हणून ते वर उचलले जातात आणि शिरोरेषा तुटते. अनुस्वाराचा तळ फार वर असल्यामुळे तो तितकाच खाली जातो. अक्षरजुळणीतून येणारे उभे अंतरही त्याच अक्षावर आहे, त्याचेही चिन्ह तपासावे. ते अंतर फॉन्टच्या एककांत येते, पिक्सेलमध्ये नाही, हेही पाहावे.

मांडवी_दरवाजा (वडोदरा)

निदान अचूक वाटते. माझी एक पुस्ती: ठिपके थेट फ्रेमबफरमध्ये न लिहिता साध्या मेमरीत पूर्ण चित्र तयार करून मग एकदम उतरवावे. फ्रेमबफरमधून परत वाचणे फार मंद असते, आणि अक्षरांच्या कडा मिसळताना आपल्याला मागचा रंग वाचावाच लागतो.

राजवाडा_रविवार (इंदूर)

चिन्ह एकाच ठिकाणी चुकले होते. आज सकाळी ते बदलल्यावर 'इंदूर' अखंड शिरोरेषेसह उमटले. नंतर रामबागच्या ताईंचे तिन्ही शब्दही छापून पाहिले: 'क्षितिज' आणि 'दुर्गा' बरोबर आले. 'तऱ्हा' मात्र ऱ च्या स्वतंत्र अक्षराने लिहिला तर नीट येतो, आणि जोडचिन्हाने लिहिला तर ह च्या आधी एक रिकामी चौकट दिसते. ते जोडचिन्ह वाटेत कोणी तरी गाळते आहे, की फॉन्टमध्येच त्याची आकृती नाही, हे पुढच्या रविवारी पाहतो.